फुटबॉलपटूंची वेगवान धाव आणि पूरक आहार : उपयोग, मर्यादा आणि धोके

चेन्नई : फुटबॉलच्या मैदानावर निर्णायक ठरणारी वेगवान धाव बहुधा दोन ते चार सेकंदांचीच असते. ती एक-दोन टक्क्यांनी अधिक वेगवान व्हावी, या आशेवर पूरक आहाराची मोठी बाजारपेठ उभी राहिली आहे. व्यायामशाळा, औषधांची दुकाने आणि ऑनलाइन विक्री यांमार्फत हे डबे आता जिल्हा पातळीवरील खेळाडूंपर्यंत पोहोचले आहेत. क्रीडाविज्ञानाच्या कसोटीवर मात्र त्यांतील मोजकीच द्रव्ये उतरली आहेत. त्यांचा लाभ खरा असला तरी लहान आहे, आणि भेसळीच्या डब्यामुळे खेळाडूची कारकीर्द धोक्यात येऊ शकते. कोणते द्रव्य काय करते, किती करते आणि ते घेताना कोणती जबाबदारी खेळाडूवर येते, याचा हा आढावा.

चेन्नई हे या विषयाचे स्वाभाविक केंद्र आहे. इंडियन सुपर लीगचे विजेतेपद २०१५ आणि २०१७-१८ अशा दोन हंगामांत मिळवणारा चेन्नईयिन एफसी हा संघ याच शहराचा. धनपाल गणेश आणि नंदकुमार शेखर यांच्यासारखे खेळाडू घडवणारी उत्तर चेन्नईतील व्यासरपाडी ही वस्ती फुटबॉलसाठीच ओळखली जाते. नंदनम येथील वायएमसीए शारीरिक शिक्षण महाविद्यालय १९२० मध्ये हॅरी क्रो बक यांनी सुरू केले. तमिळनाडू शारीरिक शिक्षण व क्रीडा विद्यापीठ आणि पोरूर येथील श्री रामचंद्र संस्थेचे क्रीडाविज्ञान केंद्रही या शहराच्याच परिसरात आहे. वर्षातील बहुतेक काळ उकाडा आणि दमट हवा असल्याने खेळाडूच्या आहाराची व पाण्याची खरी परीक्षाही येथेच होते.

धाव किती आणि का महत्त्वाची

व्यावसायिक फुटबॉलपटू एका सामन्यात साधारणपणे ९ ते १३ किलोमीटर अंतर कापतो. त्यात चालणे आणि संथ धावणे यांचाच वाटा मोठा असतो. पूर्ण वेगाने धावलेले अंतर एकूण अंतराचा लहानसा भाग असते. तरीही निकाल बहुधा याच लहान भागात ठरतो. जर्मनीच्या बुंडेसलिगामधील २००७-०८ च्या हंगामाच्या उत्तरार्धातील ३६० गोलांचे विश्लेषण २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ८३ टक्के गोलांपूर्वी गोल करणाऱ्या किंवा चेंडू पुरवणाऱ्या खेळाडूने किमान एक जोरकस हालचाल केली होती. गोल करणाऱ्या खेळाडूंच्या बाबतीत सरळ रेषेतील वेगवान धाव ही सर्वाधिक वेळा आढळलेली हालचाल होती.

एकदा वेगाने धावणे एवढ्यावर हे थांबत नाही. सामन्याच्या पहिल्या दहा मिनिटांत घेतलेली धाव अखेरच्या दहा मिनिटांतही त्याच वेगाने घेता येणे महत्त्वाचे असते. २० डिसेंबर २०१५ रोजी गोव्यातील फातोर्डा मैदानावर झालेला इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना गोमंतकीय वाचकांच्या स्मरणात असेल. एफसी गोवाने ८७व्या मिनिटाला २-१ अशी आघाडी घेतली होती. त्यानंतरच्या काही मिनिटांत दोन गोल होऊन चेन्नईयिनने सामना ३-२ असा जिंकला. थकलेल्या पायांत उरलेला वेग म्हणजे काय, हे अशा सामन्यांतून कळते. म्हणूनच प्रशिक्षक ‘पुनःपुन्हा वेगाने धावण्याची क्षमता’ मोजतात : १५ ते ३० मीटरच्या अनेक धावा, मध्ये अल्प विश्रांती आणि प्रत्येक धावेची वेळ.

स्नायूंतील ऊर्जेचा हिशेब

पूरक आहाराचा उपयोग समजून घ्यायचा तर स्नायूंतील ऊर्जेचा हिशेब पाहावा लागतो. स्नायू आकुंचन पावण्यासाठी एटीपी या रेणूतील ऊर्जा वापरली जाते. त्याचा साठा जेमतेम दोन सेकंद पूर्ण जोर लावता येईल इतकाच असतो. तो संपू लागताच क्रिएटिन फॉस्फेट हे संयुग एटीपी पुन्हा तयार करते. त्याच वेळी स्नायूंतील ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली शर्करा, प्राणवायूविना मोडली जाऊ लागते. दोन धावांच्या मधल्या काळात प्राणवायूच्या साहाय्याने क्रिएटिन फॉस्फेट पुन्हा भरून निघते. ते जवळजवळ पूर्ण भरण्यास तीन ते पाच मिनिटे लागतात. सामन्यात एवढी उसंत क्वचितच मिळते. त्यामुळे साठा अर्धवट भरलेला असतानाच पुढची धाव घ्यावी लागते आणि वेग घटतो.

पूरक द्रव्ये या साखळीतील एखाद्या कडीवर काम करतात. क्रिएटिन साठा वाढवते, कॅफिन थकव्याची जाणीव कमी करते, नायट्रेट स्नायूंचे काम कमी खर्चात करून घेते, तर बीटा-अलानीन आणि सोडा स्नायूंतील व रक्तातील आम्लता आवरतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सहमती-निवेदनात कामगिरीवर थेट परिणाम करणारी म्हणून याच पाच द्रव्यांना पुरेसा पुरावा असल्याचे नमूद केले आहे.

क्रिएटिन : पुरावा सर्वाधिक

क्रिएटिनचा शोध फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्ह्रल यांनी १८३२ मध्ये मांसाच्या अर्कातून लावला. शरीर स्वतः रोज सुमारे १ ग्रॅम क्रिएटिन तयार करते. उरलेले मांस आणि मासळीतून मिळते. एक किलो कच्च्या मांसात किंवा मासळीत ते साधारण ४ ते ५ ग्रॅम असते. वनस्पतिजन्य अन्नात ते जवळजवळ नसतेच. त्यामुळे शाकाहारी व्यक्तींच्या स्नायूंतील साठा सरासरीने कमी असतो आणि पूरक क्रिएटिनने त्यांच्यात होणारी वाढ बहुधा अधिक असते. भारतीय खेळाडूंच्या दृष्टीने ही बाब विशेष महत्त्वाची आहे.

रूढ पद्धतीनुसार पाच ते सात दिवस रोज २० ग्रॅम, चार भागांत विभागून, आणि नंतर रोज ३ ते ५ ग्रॅम क्रिएटिन मोनोहायड्रेट घेतले जाते. सुरुवातीची मोठी मात्रा टाळून रोज ३ ते ५ ग्रॅम घेतले, तरी सुमारे चार आठवड्यांत साठा त्याच पातळीला पोहोचतो.

फुटबॉलपटूंवरील एक महत्त्वाचा प्रयोग २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १७ उच्च प्रशिक्षित पुरुष खेळाडूंपैकी एका गटाला सहा दिवस क्रिएटिन आणि दुसऱ्याला निष्प्रभ भुकटी देण्यात आली. क्रिएटिन घेणाऱ्यांच्या लागोपाठच्या १५ मीटर धावांच्या वेळा सुधारल्या. दमश्वासाच्या चाचणीत मात्र फरक पडला नाही. ऑस्ट्रेलियातील अव्वल महिला फुटबॉलपटूंवरील २००२ च्या अभ्यासातही काही धावांची आणि दिशा बदलत धावण्याची वेळ सुधारली, पण चेंडू मारण्याची अचूकता होती तशीच राहिली. क्रिएटिनमुळे वारंवार घ्यायच्या लहान धावांना मदत होते. कौशल्य आणि दमश्वास सरावातूनच कमवावे लागतात.

क्रिएटिनमुळे स्नायूंत पाणी साठून पहिल्या आठवड्यात वजन साधारण एक किलोने वाढू शकते. चपळ विंगरला हा अतिरिक्त भार जाणवू शकतो. शिफारशीच्या मात्रेत निरोगी प्रौढांच्या मूत्रपिंडांना अपाय झाल्याचे अभ्यासांत आढळलेले नाही. तथापि रक्तचाचणीतील क्रिएटिनिनची पातळी वाढलेली दिसू शकते, म्हणून क्रिएटिन सुरू असल्याचे डॉक्टरांना सांगणे आवश्यक असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याविना ते घेऊ नये.

कॅफिन : फिल्टर कॉफी आणि मोजलेली मात्रा

कॅफिन हे मेंदूवर काम करणारे द्रव्य आहे. थकव्याचा संदेश देणाऱ्या अडेनोसिनचा मार्ग ते अडवते, त्यामुळे तेवढेच श्रम कमी वाटतात. शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे ३ ते ६ मिलिग्रॅम कॅफिन सामन्यापूर्वी सुमारे एक तास घेतल्यास परिणाम दिसतो. ६५ किलो वजनाच्या खेळाडूसाठी किमान मात्रा सुमारे २०० मिलिग्रॅम होते. सामन्याच्या उत्तरार्धात धावेचा वेग टिकवण्यासाठी आणि उडीची उंची राखण्यासाठी कॅफिनचा उपयोग झाल्याचे फुटबॉलपटूंवरील प्रयोगांत दिसले आहे.

चेन्नईत फिल्टर कॉफी घरोघरी असली, तरी तिच्यातून नेमकी मात्रा साधणे अवघड असते. काढा किती दाट, भुकटी किती आणि तिच्यात चिकोरी किती यावर कॅफिनचे प्रमाण बदलते; चिकोरीत कॅफिन नसते. शिवाय कॅफिनचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर येण्यास सरासरी पाच तास लागतात. संध्याकाळी साडेसातच्या सामन्यापूर्वी घेतलेली मोठी मात्रा मध्यरात्रीनंतरही झोप उडवू शकते, आणि अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवसाचा वेग हमखास घटतो. धडधड, हातांना कंप आणि अस्वस्थता हे दुष्परिणामही व्यक्तीनुसार होतात.

जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे वाडाने, १ जानेवारी २००४ पासून कॅफिन प्रतिबंधित द्रव्यांच्या यादीतून काढले. ते आजही देखरेखीच्या यादीत आहे, पण त्याच्या सेवनावर बंदी नाही.

बीट, सोडा आणि बीटा-अलानीन

बीट, पालक, मुळा आणि इतर पालेभाज्यांत नायट्रेट भरपूर असते. तोंडातील जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि पुढे शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होते. ३६ सांघिक खेळाडूंना पाच दिवस बीटचा रस दिलेल्या एका प्रयोगात २० मीटर धावेची वेळ सरासरी १.२ टक्क्यांनी सुधारली. सामन्यापूर्वी दोन ते तीन तास सुमारे ३१० ते ५६० मिलिग्रॅम नायट्रेट ही प्रचलित मात्रा आहे. जिवाणूनाशक द्रवाने चूळ भरल्यास तोंडातील जिवाणू नष्ट होऊन हा लाभ कमी होतो. उत्तम प्रशिक्षित खेळाडूंत परिणाम लहान दिसतो, असेही अनेक अभ्यास सांगतात.

बीटा-अलानीन चार आठवडे किंवा अधिक काळ रोज घ्यावे लागते. त्याचा उपयोग प्रामुख्याने अर्धा ते दहा मिनिटे चालणाऱ्या तीव्र श्रमांत होतो. तीन सेकंदांच्या एकट्या धावेला त्याने फारसा फरक पडत नाही. त्वचेला मुंग्या येणे हा त्याचा परिचित परिणाम आहे. खाण्याचा सोडा प्रत्येक किलोमागे सुमारे ०.३ ग्रॅम, म्हणजे ६५ किलोच्या खेळाडूला जवळपास २० ग्रॅम घ्यावा लागतो. एवढ्या सोड्याने पोट बिघडण्याची शक्यता मोठी असल्याने फुटबॉलमध्ये तो कमीच वापरला जातो.

एक टक्का म्हणजे किती

वीस मीटरची धाव सुमारे तीन सेकंदांत पूर्ण करणाऱ्या खेळाडूचा वेळ एक टक्क्याने कमी झाला, तर ०.०३ सेकंद वाचतात. सेकंदाला आठ मीटरच्या वेगाने हे अंतर होते सुमारे २४ सेंटिमीटर; एका बुटाच्या लांबीपेक्षा किंचित कमी. बचावपटूच्या आधी चेंडूला पाय लावण्यास एवढे अंतर पुरू शकते, म्हणून अव्वल संघ त्याकडे दुर्लक्ष करत नाहीत. पण तेवढाच किंवा त्याहून मोठा फरक नियमित वेगसराव, झोप, पाणी आणि पोटभर योग्य जेवण यांनीही पडतो.

भात, पाणी आणि घाम

सामन्याच्या अखेरीस धाव मंदावण्याचे एक मोठे कारण ग्लायकोजेन संपणे हे आहे. स्नायूंच्या नमुन्यांच्या तपासणीत सामना संपताना जवळपास निम्मे स्नायुतंतू ग्लायकोजेनविना किंवा जवळजवळ रिकामे आढळले आहेत. युरोपीय फुटबॉल महासंघाच्या तज्ज्ञगटाने २०२१ मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार सामन्याच्या आदल्या दिवशी, सामन्याच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक किलो वजनामागे ६ ते ८ ग्रॅम कर्बोदके घ्यावीत. ६५ किलोच्या खेळाडूला ही मात्रा ३९० ते ५२० ग्रॅम होते. इडली, भात, पोहे, भाकरी, केळी, गूळ या नेहमीच्या अन्नातून ती गाठता येते. सामन्याच्या वेळी तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके, म्हणजे साखर-मिठाचे पेय किंवा केळे, उपयोगी ठरतात.

चेन्नईच्या दमट हवेत घाम गळतो, पण सहज वाळत नाही. त्यामुळे शरीर थंड होण्याची मुख्य वाट अडते. घामावाटे शरीराचे वजन दोन टक्क्यांहून अधिक घटले, तर उष्ण हवेत कामगिरी खालावू शकते. सरावाच्या आधी आणि नंतर वजन करणे ही याची सर्वांत स्वस्त चाचणी आहे. ६५ किलोच्या खेळाडूचे वजन १.३ किलोपेक्षा अधिक घटले असेल, तर त्याचे पाणी आणि मीठ कमी पडते आहे असे समजावे.

लोह आणि ड जीवनसत्त्व यांची कमतरता भारतात सर्रास आढळते. कमतरता असल्यास ती भरून काढल्याने खेळाडूला निश्चित लाभ होतो. म्हणून मुलींच्या संघांत हिमोग्लोबिन व लोहाची तपासणी अगत्याची आहे. कमतरता नसताना घेतलेल्या गोळ्यांनी वेग वाढत नाही.

प्रथिनांच्या भुकटीविषयीही गैरसमज आहेत. प्रथिने स्नायूंची झीज भरून काढतात; सामन्यापूर्वी घेतलेल्या भुकटीने धाव वेगवान होत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये जाहीर केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत शरीर कमावण्यासाठी प्रथिनांची पूरके टाळण्याचा सल्ला दिला आहे. दूध, अंडी, डाळी, शेंगदाणे, मासळी आणि चिकन यांतून बहुतेक खेळाडूंची गरज भागते.

डब्यात काय असते

सर्वांत गंभीर प्रश्न डब्यावर छापलेले आणि डब्यात असलेले यांतील तफावतीचा आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील कलोन येथील प्रयोगशाळेच्या अभ्यासात १३ देशांतील ६३४ पूरके तपासण्यात आली. त्यांपैकी ९४, म्हणजे १४.८ टक्के नमुन्यांत वेष्टनावर उल्लेख नसलेली स्टेरॉइडजन्य द्रव्ये आढळली. भारतात २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, केरळमधील डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात ३६ लोकप्रिय प्रथिन भुकट्यांपैकी २५ मध्ये प्रथिनांचे प्रमाण वेष्टनावरील दाव्याशी जुळले नाही.

उत्तेजकविरोधी नियमांत ‘माहीत नव्हते’ हा बचाव पुरेसा ठरत नाही. शरीरात आढळणाऱ्या द्रव्याची जबाबदारी खेळाडूचीच असते. मँचेस्टर सिटीचा बचावपटू कोलो टूरे याने पत्नीच्या वजन घटवण्याच्या गोळ्या घेतल्या आणि २०११ मध्ये त्याच्यावर सहा महिन्यांची बंदी आली. लिव्हरपूलचा ममादू साखो २०१६ मध्ये चरबी घटवणाऱ्या पूरकातील हायजेनामाइनमुळे दोषी ठरवला गेला. ते द्रव्य त्या वेळी यादीत नावानिशी नसल्याने युरोपीय महासंघाने प्रकरण रद्द केले आणि वाडाने २०२० मध्ये त्याची माफी मागून भरपाई दिली. पण तोवर युरोपा लीगच्या अंतिम सामन्याला तो मुकला होता आणि युरो स्पर्धेसाठीच्या फ्रान्सच्या संघातही त्याला स्थान मिळाले नव्हते. २०१७ पासून हायजेनामाइनचा यादीत स्पष्ट उल्लेख आहे.

‘आयुर्वेदिक’, ‘सिद्ध’ किंवा ‘नैसर्गिक’ असे लिहिलेले उत्पादन आपोआप सुरक्षित ठरत नाही. काजरा, म्हणजेच कुचला, या वनस्पतीच्या बियांत स्ट्रिक्निन असते आणि ते प्रतिबंधित उत्तेजकांच्या यादीत आहे. एफेड्रा वनस्पतीतील एफेड्रिनही ठरावीक मर्यादेपलीकडे प्रतिबंधित आहे.

कायदा आणि जबाबदारी

भारतात पूरक आहाराचे नियमन भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण करते. त्याबाबतचे विनियम लागू आहेत. उत्पादनावर प्राधिकरणाचा परवाना क्रमांक असणे बंधनकारक आहे. मात्र हा क्रमांक अन्न व्यवसायाच्या परवान्याचा असतो. त्या विशिष्ट डब्यात प्रतिबंधित द्रव्य नसल्याची ती हमी नव्हे. प्रत्येक उत्पादन-तुकडीची उत्तेजकांसाठी स्वतंत्र चाचणी करणाऱ्या ‘इन्फॉर्म्ड स्पोर्ट’ किंवा ‘एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट’ यांसारख्या योजनांचे चिन्ह असल्यास धोका कमी होतो, पूर्ण नाहीसा होत नाही.

राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेला, म्हणजे नाडाला, वैधानिक अधिकार देणारा राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायदा २०२२ मध्ये संमत झाला. वाडाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार भारतातील सर्व खेळांच्या ३,८६५ नमुन्यांपैकी १२५, म्हणजे ३.२ टक्के नमुने दोषी आढळले. मोठ्या संख्येने चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते. दूषित उत्पादनामुळेच द्रव्य शरीरात गेले हे खेळाडूने सिद्ध केल्यास, निष्काळजीपणाच्या प्रमाणात ताकीद ते दोन वर्षांची बंदी अशी शिक्षा होते. त्यासाठी डब्याचा तुकडी क्रमांक, खरेदीची पावती आणि उरलेली भुकटी जपून ठेवणे अत्यावश्यक असते. चाचणीच्या अर्जावर घेतलेल्या प्रत्येक पूरकाची नोंद करणेही खेळाडूच्या हिताचे असते.

तरुण खेळाडूंसाठी क्रम

मोठ्या क्लबांकडे आहारतज्ज्ञ आणि डॉक्टर असतात. वस्तीतील आणि तालमीतील खेळाडूकडे ते नसतात. व्यासरपाडीतील मुलांची स्थिती कोल्हापूरच्या पेठांतील मुलांहून वेगळी नाही. तालमींच्या नावाने संघ उभे करणाऱ्या कोल्हापूरने अनिकेत जाधव हा खेळाडू २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारतीय संघाला दिला. अशा ठिकाणी पूरकाचा सल्ला बहुधा व्यायामशाळेतील ओळखीचा माणूस किंवा दुकानदार देतो, आणि डब्यावरचा खर्च कुटुंबाच्या दूध-अंड्यांच्या पैशांतून होतो.

अठरा वर्षांखालील खेळाडूंनी कामगिरी वाढवणारी पूरके टाळावीत, हीच क्रीडा-आहारतज्ज्ञांची सर्वसाधारण भूमिका आहे. वाढीच्या वयात वेग प्रामुख्याने वाढ, तंत्र आणि सराव यांतून येतो. प्रौढ स्पर्धात्मक खेळाडूंसाठी तज्ज्ञांच्या शिफारशींचा क्रम असा मांडता येईल : आधी पुरेसे जेवण, पाणी आणि झोप, मग वेगाचा नियोजनबद्ध सराव, नंतर रक्ततपासणीत दिसलेली कमतरता भरून काढणे, आणि त्यानंतरच, डॉक्टर किंवा क्रीडा-आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, तुकडीनिहाय तपासलेले क्रिएटिन किंवा कॅफिन. कोणतेही द्रव्य प्रथमच सामन्याच्या दिवशी न घेता सरावात घेऊन पाहावे.

या क्रमातील पहिल्या तीन पायऱ्या गाळून थेट चौथीवर उडी घेणाऱ्या खेळाडूला मिळणारा लाभ जास्तीत जास्त बुटाच्या लांबीएवढा असतो. दूषित डबा हाती लागल्यास मैदानाबाहेर घालवावा लागणारा काळ मात्र वर्षांत मोजावा लागू शकतो.